मिस्त्रींची रेघ

गाडी दुरुस्तीला आली की मिस्त्री आधी बॉनेट उघडत नसत. टाचेने रस्त्याच्या धुळीत एक आडवी रेघ ओढत, रेघेच्या पलीकडे स्वतः उभे राहत आणि मालकाला सांगत, "जावा, त्या चिंचेपासनं जोरात घिऊन या आन् हितं रेघंवर थांबवून दावा." गाडी थेट अंगावर यायची. मिस्त्री जागचे हलत नसत. गाडी रेघेच्या अलीकडे थांबली, तर काही न बोलता कामाला लागत. रेघ ओलांडून आली, तर त्यांना उडी मारून बाजूला व्हावे लागे आणि मग चिंचेवरचे कावळे उडतील असा आवाज लागे. "थांबत न्हाय आन् पळवताय कशाला? पोळ सोडलाय व्हय गावात?"

बारामतीच्या बाहेर, इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचे पत्र्याचे छप्पर होते. लढाईच्या काळात ते लष्कराच्या वर्कशॉपात होते, एवढेच लोकांना ठाऊक. नाव कुणी विचारले नाही. 'रेघवाले मिस्त्री' म्हटले की सांगवीपासून इंदापूरपर्यंत कुणीही बोट दाखवी. दाखवी असे म्हणावे लागते, कारण आता ते छप्पर तिथे नाही. आपल्या कॉलेजच्या वार्षिकाच्या संपादकांनी मला सांगितले आहे की व्यक्तिचित्र शांतपणे लिहावे. मी दोनदा तसा प्रयत्न केला. मला ते जमत नाही, कारण मिस्त्रींना त्या रस्त्यावरून कुणी उठवले ते मला माहीत आहे.

मिस्त्री सदा रागावलेले असत, पण त्यांचा राग गाडीवर कधीच नसे. गाडीला ते 'बाई' म्हणत. सगळा राग मालकावर. एकदा कोऱ्हाळ्याचा एक ऊसवाला बागाईतदार आपली मोटार घेऊन आला. त्याच्या चुलतभावाने नवी गाडी घेतली होती आणि याला आपली मोटार तिच्यापुढे काढायची होती. "मिस्त्री, काय बी करा, पर इंजिनाची ताकद वाढवा," तो म्हणाला. मिस्त्रींनी रेघेची परीक्षा घेतली, मग हवेची गाळणी काढून उलटी केली. आतून चिमणीच्या घरट्याचे गवत आणि मूठभर धूळ पडली. गाळणी धुऊन त्यांनी परत बसवली. बागाईतदार एक फेरी मारून आला तो हसतच. "वाढली की वो ताकद!"

"वाढली न्हाय," मिस्त्री खेकसले. "तुमी वरीसभर नरडं दाबून धरलं हुतं बाईचं, ते मी सोडवलं."

ताकद वाढवायची तर पहिला बदल कोणता, हा प्रश्न त्यांना आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारी. ते बोटांवर सांगत. आधी ब्रेक. मग गळती: व्हॉल्व्ह घासून नीट बसवा, प्लग साफ करा, ठिणगी वेळेवर पडते का बघा, रिंगा झिजल्यात का बघा. "फुटक्या रांजनात आनखी पानी वतून काय व्हतंय? आदी भोक बुजवा. निम्मी ताकद हितंच घावती." एवढे सगळे झाल्यावर, आणि पेट्रोल स्वच्छ असेल तरच, शेवटच्या बोटाला, करंगळीला, इंजिनाच्या हेडला म्हणजे वरच्या झाकणाला हात लावायचा. ती करंगळी ते नेहमी मिटूनच ठेवत. ती उघडलेली मी कधी पाहिली नाही.

माझ्यावर त्यांचा जीव होता असे मी म्हटले तर ते खोटे ठरणार नाही, असे वाटते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेत गेलेले नाही. मी पुण्याला कॉलेजात गेलो तेव्हा आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी नेमके काय शिकतो हे विचारायचे सुचले नाही. विचारले ते मिस्त्रींनी. सुट्टीत मी दिसलो की, "या कालेजकुमार, काय शिकून आला ते वता हितं," असे म्हणून ते डबा उलटा करून मला बसायला देत आणि कान देऊन ऐकत. ऐकून झाले की एकच प्रश्न विचारत आणि त्या प्रश्नापुढे माझे सगळे शिकणे लंगडे पडे. मला त्याचा राग येई. नंतर वसतिगृहात त्याच प्रश्नाचे उत्तर मी आठवडाभर शोधत बसे.

आता गाडीची गोष्ट. सांगवीत आमची आणि आणखी तिघांची भाजीची शेती. चौघांनी मिळून लष्कराच्या लिलावातली एक जुनी मोटार घेतली, तिचा मागचा भाग कापला आणि मागे एक गाडा जोडला. वांगी, भेंडी, गवारीच्या पाट्या भरून सकाळी बारामतीच्या स्टेशनावर न्यायच्या आणि दौंडला जाणाऱ्या छोट्या आगगाडीत चढवायच्या. गाडी माझे चुलते तात्या चालवत. कालव्याच्या पुलाचा चढ आला की ती धापा टाकायची; सगळ्यांनी उतरून ढकलायचे. उन्हाळ्यात दोनदा आगगाडी चुकली आणि भाजी बारामतीच्या बाजारात मिळेल त्या भावाला टाकावी लागली. तात्यांनी ठरवले, ताकद वाढवायची.

मी सुट्टीला आलो होतो. कॉलेजच्या वाचनालयात मी इंजिनावरचे एक पुस्तक वाचले होते. त्यात लिहिले होते की हेड थोडे घासून पातळ केले की आतला दाब वाढतो आणि त्याच इंजिनातून जास्त ताकद मिळते. ते खरेच आहे. मी पाटीवर आकृती काढून तात्यांना समजावले. तात्यांना आकृती कळली नाही, पण पुतण्याने काढली हे कळले. संध्याकाळपर्यंत सगळ्या सांगवीला माहीत झाले की आमच्या पोराने कॉलेजातून ताकदीचा कागद आणला आहे.

दुसऱ्या दिवशी तात्या आणि मी गाडी घेऊन मिस्त्रींकडे गेलो. गाडी रेघेच्या पुढे चांगली चार हात गेली. मिस्त्रींनी उडी मारली, शिव्या दिल्या आणि मग माझा कागद हातात घेतला.

"आकृती झ्याक हाय," ते म्हणाले. "कालेजात ब्रेक शिकवत्यात का न्हाय?"

"अजून नाही. पुढच्या वर्षी असेल," मी म्हणालो.

"बरं. आन् तात्या पेट्रोलात निम्मं रॉकेल वतत्यात, त्याचं काय लिवलंय हितं?"

मी कागदाकडे पाहिले. पुस्तक लिहिणाऱ्याच्या मनात स्वच्छ पेट्रोल होते. आमच्याकडे कोण पेट्रोलात रॉकेल घालतो आणि किती घालतो, हे त्याला कसे ठाऊक असणार?

"दाब वाढवला तर रॉकेल आत अवेळी भडकतंय," मिस्त्री म्हणाले. "डब्यात खडं हलवल्यावानी आवाज येतुया. तसा आवाज आला की समजायचं, पिस्टन जळाय लागला. तात्या, हेड राहू द्या. मला चार दिवस द्या, गळती काडून देतो. ब्रेकसुदिक."

"चार दिस भाजी काय डोक्यावर न्यायची?" तात्या म्हणाले. "मिस्त्री, तुमी जुन्या काळातलं. पोरगं शिकलंय आमचं."

तेव्हाच मी बोलायला हवे होते. 'तात्या, मिस्त्री बरोबर आहेत, रॉकेलाचा मी विचारच केला नव्हता,' एवढे एक वाक्य. ते माझ्या तोंडात तयार होते. पण सांगवीभर माझा कागद गाजला होता, आणि आबांनी त्या सकाळी पहिल्यांदाच चहा मला आधी दिला होता.

तात्या हेड इंदापूरला एका लेथवाल्याकडे घासून आणणार हे कळले तेव्हा मिस्त्रींनी हात जोडले. "डोकं तुमचं, तुमच्या मर्जीनं घासा. चाकं मात्र मला एक दीस द्या. फुकट करतो." त्यांनी चारही चाके सोडली, ब्रेकचे झिजलेले पट्टे काढून नवे बसवले आणि पुन्हा रेघेवर उभे राहिले. गाडी रेघेच्या हातभर अलीकडे थांबली. मिस्त्री हसले. मी त्यांना हसताना पाहिले ते तेवढे एकदाच.

घासलेले हेड बसले आणि गाडी खरोखर पळू लागली. भरलेल्या गाड्यासकट पूल एका दमात चढायची. मिस्त्रींच्या छपरासमोरून जाण्यासाठी तात्या मुद्दाम इंदापूर रस्त्याला वळसा घालत आणि तिथे हॉर्न वाजवत. मी शेजारी बसलेला असे. तिसऱ्या दिवशी मला चढावर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज ऐकू आला. "तात्या, ऐकताय का?" मी विचारले. "ऐकतुय की. जोर बोलतुय," तात्या म्हणाले. मी पुन्हा गप्प.

नवव्या दिवशी पुलाच्या चढावर मोठा आवाज झाला, धूर आला आणि इंजिन मेले. पस्तीस पाट्यांचे वजन गाडीला मागे ओढू लागले. मागे गावातली आवडाकाकू आणि तिची सून डोक्यावर पाट्या घेऊन चालत येत होत्या. गाडी आता ढकलावी लागत नाही म्हणून त्या निर्धास्त होत्या. तात्यांनी ब्रेकवर पाय दिला. गाडी थांबली. गाड्याची फळी आणि आवडाकाकू यांच्यात दोन पावलांचे अंतर होते. ते मी नंतर मोजले.

भाजी गेली, पिस्टनला भोक पडले. चौघा भागीदारांची बैठक संध्याकाळी सोसायटीच्या ओट्यावर बसली. दोन बाया वाचल्या, याबद्दल कुणी अवाक्षर काढले नाही. प्रश्न एकच होता: चूक कुणाची?

"त्या मिस्त्रीनं चाकं आवळून ठिवली," तात्या म्हणाले. "इंजान वढून वढून फुटलं."

"व्हय की. जू आवळलं तर बैल बसनारच," एक भागीदार म्हणाला.

"त्यो मुद्दाम करनार. त्याचं ऐकलं न्हाय म्हनून डूख धरला त्यानं," दुसरा म्हणाला.

ब्रेक आवळलेले असते तर गाडी नऊ दिवस पळालीच नसती. चाके हात लावू देणार नाहीत इतकी तापली असती. हे मला माहीत होते. तात्यांनाही आतून माहीत असावे, कारण ते माझ्याकडे न बघता बोलत होते. मग कुणीतरी मला विचारले, "बोल की रं, तू शिकल्याला. असं व्हतं का?"

सगळे माझ्याकडे वळले. आबा ओट्याच्या कडेला बसले होते, तेही वळले.

मी म्हणालो, "होऊ शकतं."

गप्प बसलो असतो तरी बरे झाले असते. ते दोन शब्द माझ्याआधी बारामतीला पोचले. 'कालेजातल्या पोरानं सांगितलं, मिस्त्रीनं गाडी मारली.' बागाईतदार आपल्या मोटारी दुसरीकडे नेऊ लागले. कोऱ्हाळ्याचा तो चिमणीच्या घरट्यावालाही. माणसे इतकी कशी विसरतात, असे मी रागाने स्वतःला विचारत होतो, जणू मी त्यांच्यातला नव्हतोच.

सुट्टी संपताना मी इंदापूर रस्त्याला गेलो. मिस्त्री पाने-हातोड्या गोणपाटात बांधत होते. सोलापूरकडे बहिणीच्या गावी निघाले होते. त्यांनी मला बसायला डबा दिला नाही.

"गाडी कुटं थांबली?" त्यांनी विचारले.

"पुलाच्या चढावर. ब्रेक लागल्यावर हातभरसुद्धा मागे गेली नाही."

"मागं कोन हुतं?"

"आवडाकाकू आणि तिची सून."

त्यांनी मान हलवली आणि गाठ आवळली.

"मिस्त्री, मी ओट्यावर बोललो ते खोटं होतं," मी म्हणालो. "चूक माझी होती. रॉकेलाचं मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मला सांगून काय उपेग?" ते ओरडले नाहीत. त्यांचा नेहमीचा आवाज लागला असता तर मला सोपे गेले असते. "मला ते ठावं हायच की. ज्यास्नी ठावं न्हाय त्यास्नी सांग. तितं तुझी जीभ उचलंना, आन् हितं आलायस रडाय."

गोणपाट खांद्यावर टाकून ते एस. टी.च्या थांब्याकडे गेले. मागे वळून पाहिले नाही. त्यांचा पत्ता मी घेतला नाही. मागायचे धाडस झाले नाही.

याला आता दोन वर्षे होतील. माझा राग तात्यांवर आहे. भागीदारांवर आहे, घरट्यावाल्यावर आहे, आणि शिकलेल्या माणसाचे दोन शब्द न तपासता उचलणाऱ्या साऱ्या गावावर आहे. पण हे सगळे राग मोजून झाले की ते दोन शब्द उरतात, आणि ते माझ्या तोंडचे आहेत.

सांगवीत हे वार्षिक कुणी मागवत नाही. तात्यांना वाचता येत नाही, आबांनाही नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी अंक घेऊन जाणार आहे. संध्याकाळी सोसायटीच्या ओट्यावर चौघे भागीदार बसतात. आवडाकाकूलाही बोलावीन. त्यांच्यासमोर उभा राहून हे पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचणार आहे. तात्या उठून अंगावर येतील. येऊ देत. मिस्त्री रेघेवर उभे राहत तेव्हा त्यांच्या अंगावर तर गाडी यायची.