सोमवारी बरा होणारा गुडघा

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या सेंटरात फायलींपेक्षा किस्सेच लई साठलेत. त्यात सगळ्यात जास्त सविताच्या गुडघ्याचे. फुलंब्रीकडची ही पोरगी खो-खो खेळताना पडली, लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. मी फिजिओ, गुडघा बरा करणारी. इरफान सर ट्रेनर, तिला पुन्हा पळवणारे. निवड चाचणीला जायला आमची दोघांची सही लागणार, अन् आमचं तर कशावरच एकमत होत नव्हतं!

*

सुरुवातीला सविता मला सांगायची, सरांनी आज आराम सांगितलाय. सरांना सांगायची, मॅडमनी सांगितलाय. आठवडाभर पोरगी मजेत! एक दिवस आम्ही दोघं चहाच्या टपरीवर भेटलो, तर ही तिथं आधीच समोसा खात बसलेली. त्या दिवसापासून दोघांत एक वही सुरू झाली.

*

ऑपरेशननंतर मांडी बारीक होते, म्हणून दोघंही टेपनं मोजायचो. सरांचं माप कायम माझ्यापेक्षा जास्त. मी म्हणायचे, सर फुगवून लिहितात. सर म्हणायचे, मॅडम टेप आवळतात. पंधरा दिवस अबोला चालला. शेवटी सविताच बोलली, "मॅडम, तुमी गुडघ्याच्या वर चार बोटं मोजता, सर एक वीत."

इतके दिवस गप्प का होतीस, असं विचारलं. तर म्हणे, तुमचं भांडण असलं की व्यायाम कमी व्हायचा.

*

तरी एक कोडं राहिलंच. शनिवारी एका पायावर डगमगणारी सविता, रविवारी घरी जाऊन आली की सोमवारी ताठ उभी! मी म्हणायचे, हा रविवारच्या आरामाचा गुण. सर म्हणायचे, शनिवारच्या स्क्वॉटचा. या वादात वहीची दोन पानं भरली.

*

सहीचा दिवस आला. एका पायावरच्या उड्या झाल्या, दोन्ही पाय जवळजवळ सारखे. तरी पेन कुणी उचलेना. पुन्हा तुटलं तर पोरीचा खेळच संपला, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना. सरांचंही तेच. सविताच्या डोळ्यांत पाणी आलं.

सोबत तिचे वडील आले होते, शेळ्या राखणारे. ते म्हणाले, "धाडा नायतर नका धाडू. पन धाडली तर रविवारी शेळ्यांमागं डोंगरावर पळायला दुसरं मानूस बघावं लागंल, तेवढं आधी सांगा."

सविता हळूच खुर्ची मागं सरकवायला लागली. मी सरांकडं बघितलं, सरांनी माझ्याकडं.

"किती शेळ्या?" सरांनी विचारलं.

"बावीस."

सरांनी वही ओढली. रविवारच्या रकान्यातलं माझं 'आराम' खोडलं, 'बावीस शेळ्या' असं लिहिलं, अन् फॉर्मवर सही करून पेन माझ्या हातात दिलं.