आत्याला नाही म्हणताना

पिसिला टोंगा देशातल्या हापाई बेटांवरून न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला आली ती थेट इस्पितळातल्या भांडी घासायच्या खोलीत. तिला तिथे चिकटवलं कालोलाइने आत्यानं. आत्या तिथली जुनी बाई. "रडायचं असेल तर वाफेत रड, कुणाला दिसत नाही," एवढंच तिनं शिकवलं आणि रबरी मोजे हातात दिले.

पिसिला थोडे दिवस वाफेत रडली, मग तिलाच त्याचा कंटाळा आला. पलीकडच्या खोलीत सरकत्या पट्ट्यावरून ट्रे जात आणि बायका त्यांत वाढत. तिला तिथे उभं राहायचं होतं. वर्षभरानं राहिलीही, आणि पहिल्याच आठवड्यात बोलणी खाल्ली. ताट भरगच्च नसलं की टोंगन बाईला वाढताना लाज वाटते. पिसिला बटाट्याचा डोंगर रची आणि शेवटच्या वॉर्डाला जेवण कमी पडे.

"तू आजाऱ्यांना वाढतेस की वऱ्हाडाला?" स्वयंपाकघराची मुख्य नोरीन म्हणाली. "ही मधुमेहाची माणसं आहेत. उद्या कुणाचा पाय कापावा लागला तर त्यात तुझा बटाटा असेल."

हे तिला लागलं. ती संध्याकाळी पथ्याचा स्वयंपाक शिकायला जाऊ लागली. परीक्षा इंग्रजीत, पहिल्या वेळी नापास झाली.

"भांड्यांना परीक्षा नसते. ये परत," आत्या म्हणाली.

ती भांड्यांकडे परत गेली नाही, परीक्षेलाच परत बसली. पुढे बरीच वर्षं तिनं पथ्याची चूल सांभाळली. केस पिकायला लागले तेव्हा नोरीननं तिला देखरेखीच्या जागेवर घेतलं. सध्या तात्पुरतं, जमलं तर कायम. तोवर आत्या निवृत्त होऊन चर्चच्या बायकांची पुढारी झाली होती.

त्याच हिवाळ्यात त्यांच्या चर्चचे पाळक मोआला मूत्रपिंडाच्या वॉर्डात दाखल झाले. त्यांचं रक्त मशीनवर साफ होई. केळी, नारळाचं दूध, अळूची पानं, कंद, सगळं बंद. त्यातलं पोटॅशियम त्यांच्या हृदयाला झेपत नव्हतं. आणि टोंगन लोकांत पाळकाला द्यायचं ते नेमकं हेच. एका रविवारी प्रार्थनेनंतर त्यांचं हृदय भलतंच उड्या मारायला लागलं. धावपळ झाली, ते वाचले. मग सिस्टरना खाटेखाली केळ्यांच्या साली मिळाल्या.

नोरीननं पिसिलाला बोलावलं. "ट्रे आपला जातो आणि पोटात बाहेरून आलेल्या पिशवीतलं. ही तुझी माणसं आहेत. तुला थोपवता आली तर जागा तुझी. नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

पिशवी कुणाची हे पिसिलाला विचारावं लागलं नाही. टोंगन घरात आत्या बापाच्याही वर असते. कालोलाइने आत्या खोलीत आली की पिसिलाचा बाप उठून बाहेर जाई. तिला नाही म्हणायचं कसं, हे पिसिलाला कुणी शिकवलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी आत्या आली. काळा पोशाख, कमरेला रिवाजाप्रमाणे गुंडाळलेली विणलेली चटई, मागे दोन बायका आणि मोठी टोपली. वॉर्डाच्या दारात पिसिला गणवेशात उभी होती. आत्याला पाहताच ती तिथेच फरशीवर मांडी घालून बसली. आत्यापेक्षा उंच राहून बोलता येत नाही.

"ऊठ. लोक बघतायत," आत्या म्हणाली.

"आत्या, हे त्यांना खाऊ घालायचं नाही."

मागच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"कोण म्हणतं? ती गोरी?"

"मी म्हणते."

"तू." आत्यानं टोपली दुसऱ्या हातात घेतली. "मोजे कसे घालायचे तेही माहीत नव्हतं तुला. आता बिल्ला लागला तर आत्याला अडवतेस? तुमच्या त्या पांढऱ्या लापशीवर माणूस मरेल आमचा."

"त्या रविवारी मरतच होते. केळी तुम्ही दिली होती."

पिसिला जागची हलली नाही.

"पडद्याआड चमच्यानं भरवायचं," ती हळू म्हणाली, "ही पाळकाला देण्याची रीत आहे? गावी माझ्या बापाच्या अंगणात असं दिलं असतंत? टोपली त्यांच्यासमोर ठेवा, नाव घेऊन, चारचौघांत. मग वाटणी ते करतील."

रीत आत्यालाही पाठ होती. जाहीर दिलेलं अन्न ज्याला दिलं त्याचं, आणि त्यानं ते वाटायचं. स्वतः घास घेतला नाही तरी देणाऱ्याचा अपमान नाही.

"सरक," ती म्हणाली.

खाटेच्या पायथ्याशी टोपली ठेवून आत्यानं मोठ्यानं सांगितलं : डुकराचं मांस, अळूच्या पानांत बांधलेलं लू, कंद, केळी. मोआला पाळकांनी डोळे मिटून ऐकलं आणि आभार मानले. इतके दिवस नाही म्हणता येत नाही म्हणून ते खात होते. आता सुटल्यासारखा त्यांचा चेहरा सैल झाला.

"मांस सिस्टरांना," ते म्हणाले. "लू आणि कंद भांडी घासणाऱ्यांना. केळी तुमच्या घरच्या पोराबाळांना. माझा ट्रे कुठाय?"

पिसिलानं ट्रे आणला. कोंबडीचा तुकडा, भात, उकडलेला कोबी. आत्या वाकून बघत राहिली.

"एवढंसंच?"

"एवढंच, आत्या."

पाळकांनी सगळं संपवलं. चव कशी होती हे कुणी विचारलं नाही.

हृदय शांत राहिलं. महिनाअखेर नोरीननं पिसिलाची जागा कायम केली. आत्या मात्र चर्चमध्ये सगळ्यांना सांगत सुटली की पोरीनं फरशीवर बसून मला नाही म्हटलं. सांगताना ती रागावलेली आहे की आणखी काही, हे बायकांना नीट कळेना.

त्यानंतरच्या रविवारी आत्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी उभी. हातात झाकलेलं पातेलं.

"तुमच्या पथ्याच्या पुस्तकात दिलंय म्हणे, कंद बारीक चिरून दोनदा उकळायचा आणि पाणी फेकून द्यायचं. मी तीनदा फेकलंय. हे तरी ट्रेमध्ये घाल."

बाहेर शिजवलेलं काहीच ट्रेवर घालता येत नसे. पिसिलानं हात पुसले आणि उंबऱ्याशी खाली बसली.

"पुन्हा नाही?" आत्यानं विचारलं.

"पुन्हा नाही, आत्या."

आत्यानं पातेलं पायरीवर ठेवलं आणि झाकण काढलं. "मग तू तरी खा. बघ, किती पांचट झालंय."