नवी खेळाडू, जुनी चढाई

"मॅडम, ये तो कॉपी-पेस्ट हो गया," इम्रान म्हणाला आणि लॅपटॉप माझ्याकडं फिरवला.

इम्रान आमच्या उस्मानपुऱ्यातल्या ऑफिसातला टेस्टर. साइट लोकांसमोर जाण्याआधी तिच्यातल्या चुका शोधणं हे त्याचं काम, आणि चूक सापडली की स्वारी खूश. दुसऱ्या दिवशी आमची कबड्डीच्या आकडेवारीची साइट नव्या रूपात लाँच व्हायची होती. स्क्रीनवर दोन मुलींची पानं उघडी होती. सोनाली शिंदे, चिकलठाणा. ऋतुजा पवार, फर्दापूर. दोघींचे चढाईचे नकाशे हुबेहूब.

हा नकाशा म्हणजे आमचं नवं फीचर. कोणत्या खेळाडूनं मैदानाच्या कुठल्या भागात गुण मिळवले ते त्यात रंगानं दिसतं. गुण जास्त, तिथं रंग गडद. जुन्या सामन्यांचेही नकाशे करता आले ते काकडे सरांमुळं. सर आमचे क्लायंट. सारं आयुष्य जिल्ह्यातल्या मुलींना कबड्डी शिकवण्यात गेलेलं. स्कोअरशीटवर गुणासमोर कोपरा लिहिल्याशिवाय ते कुणाला घरी सोडायचे नाहीत.

मी आधी इम्रानवरच उखडले. "जुना डेटा चढवताना तूच माती खाल्ली असशील!" त्यानं शांतपणे दोघींचे सामने समोर ठेवले. एकही सामना सारखा नव्हता. म्हणजे कॉपी-पेस्ट नाही.

आता मात्र मला राहवेना. दोघींचे जवळजवळ सगळे गुण डाव्या कोपऱ्यातले, तेही पार मागच्या रेषेजवळचे. एवढं आत जायचं म्हणजे परतीची वाट लांब, आणि धरलं तर संपलंच. असं धाडस करणाऱ्या दोन पोरी एकाच जिल्ह्यात? शिवाय सोनाली एका उन्हाळ्यानंतर खेळलीच नव्हती. ऋतुजा उगवली ती बरोबर पुढच्या हंगामात, आणि पहिल्याच सामन्यात मुरलेल्या खेळाडूसारखी खेळली. मी सरांना फोन लावला.

"सर, सोनाली शिंदे सध्या कुठं असते?"

"सोनाली? तिला फर्दापूरला दिलीय की. लग्नात मीच वाढायला होतो."

"आणि ऋतुजा पवार?"

"अगं, तीच ती! सासरी नाव बदललं."

"मग साइटवर दोघी कशा?"

"नाव नवं, गाव नवं, संघ नवा. म्हणून नवी एंट्री केली मी. जुनंच ठेवलं असतं तर सासरच्यांना कसं वाटलं असतं?"

घ्या! डेटाबेसमध्ये प्रत्येक खेळाडूला एक आयडी असतो. तिचे सगळे गुण त्याच आयडीखाली जमा होतात. नवी एंट्री केली की नवा आयडी मिळतो आणि खातं शून्यापासून सुरू होतं. सरांनी चांगल्या मनानं पोरीची सासरी पाठवणी केली, आणि तिचे गुण माहेरीच राहिले.

यात गंमत वाटण्यासारखं काही नव्हतं. लाँचला निवड समिती येणार होती. एकूण गुणांवर जी नावं साइटच्या पहिल्या पानावर येतील, त्यांनाच जिल्हा संघाच्या चाचणीला बोलवायचं ठरलं होतं. सोनाली दुसऱ्या पानावर होती, ऋतुजा त्याच्याही खाली. दोघींचे गुण एकत्र केले तर ती पहिल्या पानावर, अगदी वरच्या मुलींत बसत होती.

"मग करून टाका एक," सर म्हणाले. "पण नाव कोणतं ठेवणार? चिकलठाण्याचे म्हणणार आमची लेक, फर्दापूरचे म्हणणार आमची सून. लई वाजंल बघा."

"ते तिलाच विचारू की, सर!" मी म्हटलं आणि नंबर घेतला.

तिच्या सासरचं लेण्यांच्या वाटेवर छोटं हॉटेल आहे. फोनमागं भांड्यांचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं.

"ताई, ते सोनालीचं पान मी बघत असते," ती म्हणाली. "वाटतं, काय खेळायची ही पोरगी!"

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? सरच म्हणले, आता नवी सुरुवात कर."

मला सरांचा रागच आला. "नाव कोणतं ठेवू, सांग."

"दोन्ही लिहा. नावाचं माझं काय नाय. गुण तेवढे एका जागी ठेवा."

सकाळी आम्ही 'पूर्वीचं नाव' असा नवा रकाना टाकला आणि दोन आयडींचा एक केला. इम्राननं दोन्ही नावांनी शोधून पाहिलं. दोन्ही वेळा तेच पान उघडलं. "अब बराबर है," तो म्हणाला. लाँचच्या वेळी पडद्यावर पहिलं पान आलं, त्यात तिचं नाव होतं. कुणाचं काही वाजलं नाही. उलट लाँचला आलेल्या दोन्ही गावच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या आणि दोघांनाही ती आपलीच वाटली.

चाचणीत मात्र पहिल्याच चढाईत तिची पकड झाली. समोरच्या मुली आमचा नकाशा बघून आल्या होत्या! डावा कोपरा त्यांनी असा दाबून धरला की मला आमच्याच फीचरचा संताप आला. पुढच्या चढाईला ती उजवीकडं गेली आणि दोघींना बाद करून परतली. तिची निवड झाली.

त्यानंतर सर स्वतःच ऑफिसात आले आणि इम्रानशेजारी खुर्ची ओढून बसले. आपण शिकवलेल्या एकेका मुलीचं नाव घ्यायचे. ही कुठं दिली, सासरचं नाव काय, लग्नात जेवायला काय होतं. इम्रान आयडी जोडत गेला. हरवलेल्या बऱ्याच खेळाडू सापडल्या. मुलांच्या यादीत असा घोळ एकही निघाला नाही.

आता कुठल्याही नव्या साइटचं काम आलं की मी पहिल्या मीटिंगमध्येच विचारते, "तुमच्या यादीतल्या कुणाकुणाची लग्नं झालीयत?" क्लायंट दचकतात. मग यादी पुन्हा तपासायला घेतात.