काळी चारचा बास

जुना बास, म्हणजे चार जाड तारांची गिटार, दुरुस्त होऊन वाजायला लागला की माझं त्यावरचं मन उडतं. दुरुस्त होईपर्यंत मात्र मला चैन पडत नाही. ऑफिसात मीटिंग चालू असते आणि माझ्या डोक्यात एखादी गंजलेली, न फिरणारी खुंटी फिरत असते. घोडबंदर रोडला बस अडकली की बाकीचे शिव्या देतात, मी मोबाइलवर जुन्या सामानाच्या जाहिराती चाळतो. कळव्याच्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली, कपाटामागे, एक तर चक्क देवघराच्या बाजूला, असे बास उभे-आडवे असतात. "घर भरून बास आहेत आणि वाजवणारा एक नाही," असं माझी बायको आल्यागेल्याला सांगते. खोटं नाही ते. गाण्याच्या मागे धरून राहण्याइतकं मला येतं, त्यापुढे नाही.

मी घेतो ते स्वस्तातले. महागड्या वाद्यांचे शौकीन वेगळे, त्यांचं आणि माझं पटत नाही. धूळ बसलेल्या प्रत्येक डबड्याला व्हिंटेज म्हणणाऱ्यांशी तर मी भांडतोच. मला हवे असतात ऑर्केस्ट्रात, लग्नाच्या हळदीत, चर्चच्या बँडमध्ये झिजलेले बास. प्लायवूडचं अंग, त्यावर कुणीतरी दरवाजाला लावायचा ऑइलपेंट फासलेला, आत बिजागरीचे स्क्रू. असा बास उघडला की मला हुरूप येतो. रंग खरवडायचा, वायरी बदलायच्या, आणि तो मूळचा होता तसा करायचा. मूळचा म्हणजे मूळचा, त्यात माझी तडजोड नसते.

विठ्ठलवाडीचा बास मला असाच जाहिरातीत दिसला. फोटोत तो गोधड्यांच्या घडीला टेकवून ठेवलेला होता. जाहिरात टाकली होती त्या घरच्या सुनेने, बास होता तिच्या सासऱ्यांचा. ते जाऊन बरीच वर्षं झालेली. मी रविवारी सकाळीच गेलो. दार उघडलं ते सासूबाईंनी. साठीच्या पुढच्या, केस घट्ट बांधलेले, आवाज खणखणीत. "जयभीम, या दादा," म्हणाल्या. मीही "जयभीम, ताई" म्हणत आत गेलो. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली एक मोठा फोटो. स्टेज, मधे माइक धरून तरुणपणीच्या याच बाई, आणि त्यांच्या डाव्या खांद्यामागे हा बास गळ्यात अडकवलेला शिडशिडीत माणूस.

"आमचे हे," ताई म्हणाल्या. "पार्टी यांचीच. भीमगीतांची. मी गायची."

गायची, असं म्हणाल्या, त्याचा अर्थ मला सुनेने चहा देताना सांगितला. सासरे गेल्यानंतरच्या वर्षी ताई एका कार्यक्रमात दुसऱ्या पार्टीसोबत, कीबोर्डवर गायल्या. अंतऱ्यात वरच्या सुरावर आवाज फाटला. सगळ्या वस्तीसमोर. त्या दिवसापासून त्यांनी माइक हातात घेतला नाही. "यंदा जयंतीला मंडळाने एका गाण्यासाठी पुन्हा विचारलंय," सून म्हणाली, "पण आई ऐकतच नाहीत."

"आवाज गेला तर गेला," ताई आतून ओरडल्या. "माणूस गेलं, तिथं आवाजाचं काय!"

बास विकताना त्यांनी एकच अट घातली. वाजता झाला की एकदा आणून ऐकवायचा. मी हो म्हटलं. मला तर तो तिथेच उघडायचा होता.

खरं सांगायचं तर तो बास मी केला तितक्या घाईने दुसरा कुठलाच दुरुस्त केला नसेल. आत फारसं बिघडलेलं नव्हतं. तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपची एक वायर तुटलेली, खुंट्या जाम, तारांखालच्या धातूच्या फ्रेट्स काही जागी झिजून सपाट झालेल्या. या बासची नेक, तारांखालची लांब लाकडी मान, मात्र इतक्या वर्षांनी सरळ. स्वस्तातल्या जुन्या बासची नेक सरळ निघाली की मी खूश असतो, कारण बाकी सगळं बदलता येतं, वाकलेली नेक म्हणजे डोक्याला ताप. मी ताईंना फोन करून विचारलं, "ताई, यजमान बास कुठल्या पट्टीत लावायचे?"

"काळी चार," त्या पटकन म्हणाल्या. "माझी पट्टी काळी चार. हे स्टेजवरून सांगायचे, आमची बाई काळी चारला गाते म्हणून. बारीक तार मोकळी वाजवली की माझा सा. बाकी सगळं त्यावर."

पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून सूर सांगायची आपल्याकडची ही रीत मला आवडते. मोबाइलमधलं यंत्र त्याच सुराला इंग्रजी अक्षर दाखवतं, पण काळी चार म्हटलं की बोट कुठे पडतं ते डोळ्यांना दिसतं. बासची बारीक तार कंपनीच्या हिशेबाने पांढरी पाचला लागते. काळी चार म्हणजे त्याच्या अर्धा सूर वर. मी चारही तारा अर्धा सूर चढवल्या आणि मोबाइल लावून काटेकोर जुळवल्या. यजमान लावायचे तसाच बास लावला, याचा मला आनंद झाला होता.

पुढच्या रविवारी छोटा अॅम्प्लिफायर खांद्यावर टाकून विठ्ठलवाडीला गेलो. ताईंनी पदर खोचला, भिंतीला पाठ लावून बसल्या आणि म्हणाल्या, "वाजवा." मी मोकळी तार छेडली. त्यांचे डोळे भरले. मग त्यांनी हळूच सुरुवात केली. मुखडा छान झाला. सून दारात येऊन उभी राहिली. अंतरा चढला आणि वरच्या सुराला, अगदी हाताच्या अंतरावर असताना, आवाज चिरकला. त्यांनी परत घेतलं. परत चिरकला.

"बघितलंत?" ताई म्हणाल्या. "बंद करा ते."

मी काहीतरी पुटपुटलो. वय झालं की पट्टी उतरवतात, त्यात काय, असं काहीसं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी अॅम्प्लिफायरची वायर गुंडाळायला लागलो. गाणाऱ्या बाईला पट्टी उतरव म्हणणं म्हणजे काय, ते मला त्या नजरेने कळलं. "मंडळाला सांगून टाक, नाही म्हणून," त्या सुनेला म्हणाल्या. मी बास परत नेताना मात्र त्यांनी एकदा त्याच्यावरून हात फिरवला.

मी अस्वस्थ होऊन घरी आलो. चिडलो होतो, पण कोणावर ते कळेना. जेवणात लक्ष नाही, बायको काय बोलतेय त्याकडे लक्ष नाही. "अरे, त्या बाईंचा आवाज गेला, तुझं काय गेलंय?" ती म्हणाली.  मला वाटत होतं की चूक माझ्या कामात आहे. बाईंचा आवाज बोलताना इतका भरीव, तो गाताना असा कसा फाटेल? सोमवारी ऑफिसातून आलो तो बूट न काढता बास मांडीवर घेतला, आणि तार दाबायला गेलो तर ती वर उचललेली. डोळ्यासमोर धरून नेक बघितली. वाकली होती. इतकी वर्षं सरळ राहिलेली नेक आठवड्याभरात वाकली होती, कारण मी तारा ताणल्या होत्या.

 हा माणूस वर्षानुवर्षं काळी चारला वाजवत होता, तर मग त्याच्या हातात ही नेक कशी सरळ राहिली? जुन्या, हलक्या लाकडाचा हा बास तेवढा ताण सोसणारा नव्हताच. एक तर ताई चुकीचं सांगत होत्या, नाहीतर काळी चार ही काळी चार नव्हती.

मी लगेच फोन लावला. "ताई, पार्टीची पेटी कुठाय?"

"माळ्यावर. का हो?"

"मी बास घेऊन येतोय."

पेटी सुनेने काढली. जुन्या लुगड्यात बांधलेली. ती यजमानांनी पार्टी सुरू करताना कुठूनतरी सेकंडहँड आणली होती, आणि पार्टी बंद होईपर्यंत सगळी वाद्यं तिच्यावरच लागायची. कीबोर्ड त्यांच्या पार्टीत कधी आलाच नाही. भाता थोडा फाटला होता, पण मी हाताने दाबून धरला आणि ताईंना म्हटलं, "तुमचा सा दाबा." त्यांनी न बघता काळी चार दाबली. मी मोबाइल पेटीजवळ नेला. मोबाइलवर अक्षर उमटलं ते पांढरी पाचचं. मी पुन्हा दाबायला लावलं. पांढरी पाचच. अख्खी पेटीच अर्धा सूर खाली होती.

मी तारा भराभर सैल केल्या, बारीक तार पेटीला जुळवली आणि म्हटलं, "ताई, आता गा."

त्या अंतऱ्यापर्यंत आल्या. वरचा सूर लागला. स्वच्छ, पूर्ण, कुठेही न हलता लागला. त्यांनी तो धरून ठेवला, सोडला आणि पुन्हा घेतला. सून रडायलाच लागली. मीही हसत सुटलो, काय बोलतोय ते न कळता सगळं सांगून टाकलं. पेटी खाली होती, ताई, तुम्ही कायम पांढरी पाचला गात होता, त्या कीबोर्डवाल्याने तुम्हाला खरी काळी चार दिली आणि तुमचा आवाज फाटला, तुमच्या गळ्याला काहीही झालेलं नव्हतं!

ताई हसल्या नाहीत. 

"म्हणजे मी उगाच गप्प बसले," त्या म्हणाल्या. "इतक्या जयंत्या गेल्या. मी खिडकी लावून बसायची, लाऊडस्पीकर ऐकायला येऊ नये म्हणून." मग एकदम मोठ्याने, "दुसऱ्या कुठल्या पेटीवर एकदा तरी लावून बघायला काय झालं होतं यांना!" असं त्या फोटोकडे बघून म्हणाल्या. त्या रागावल्या होत्या आणि तो राग खरा होता. 

थोड्या वेळाने त्यांनी पेटीला पुन्हा लुगडं गुंडाळलं. "मंडळाला हो कळव," सुनेला म्हणाल्या. "दादा, बास तुम्ही वाजवायचा. आणि हे पेटीचं कुणाला बोलायचं नाही."

"का? उलट सगळ्यांना कळू द्या ना, आवाज गेला नव्हता म्हणून!"

"यांचा कान म्हणजे कान, असं अख्खी वस्ती म्हणते. स्टेजवरून सांगायचे हे, काळी चार म्हणून. आता लोक म्हणतील, माणूस फेकत होता."

मला ते पटलं नाही. आजही पटलंय असं नाही. मी हो म्हटलं.

मी तोवर लोकांसमोर कधी वाजवलं नव्हतं. जयंतीच्या संध्याकाळी चौकातल्या स्टेजवर चढलो. खाली निळे झेंडे, लहान पोरांची धावाधाव, पुढच्या खुर्च्यांवर पार्टीच्या काळातली जुनी माणसं. ताई पांढऱ्या साडीत माइकसमोर उभ्या राहिल्या. मी त्यांच्या डाव्या खांद्यामागे. कीबोर्डवरच्या तरुणाने आदराने विचारलं, "ताई, काळी चारच ना?"

माइक चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं. माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. एक वाक्य बोललो असतो तर बाईंची मान तिथल्या तिथे उंच झाली असती. ताईंनी मागे वळून माझ्याकडे बघितलं, नाही अशी मान हलवली आणि माइकमध्येच म्हणाल्या, "पांढरी पाच घे बाळा. वय झालं आता, उतरली माझी पट्टी."

पुढच्या रांगेत कुणीतरी च्च् केलं.

मग त्या गायल्या. अंतऱ्याचा तो सूर चौकभर पसरला. मी फक्त मोकळी तार धरून होतो, पण चुकलो नाही. लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं आणि त्या पुन्हा गायल्या.

खाली उतरल्यावर पार्टीचे जुने ढोलकीवाले काठी टेकत आले. ताईंसमोर हात जोडून म्हणाले, "आवाज तसाच हाय की वो! मालकांच्या वेळी अर्धा सूर वर गायच्या तुम्ही, तेवढाच काय तो फरक."

"हो ना," ताई म्हणाल्या. "ते मागे उभे असायचे तेव्हा जायचा तितका वर."