तळहातावर तोललेली पट्टी

"थांबा, तोलू दे." हातात कुठलीही पट्टी आली की तो आधी हे म्हणायचा. मग डोळे मिटायचा, पट्टी तळहातावर आडवी ठेवायचा, दोनदा हलकेच वर-खाली करायचा आणि निकाल द्यायचा, "स्टील." किंवा, "अॅल्युमिनियम." नऊ वर्षांत तो एकदाही चुकला नाही.

जुन्या मोटारींच्या काचांभोवती, दारांवर त्या चकचकीत पट्ट्या असतात, तुम्हीही पाहिल्या असतील. वर्षानुवर्षं वापरून त्या चेपतात, काळवंडतात. त्या मागून ठोकून सरळ करायच्या, घासायच्या आणि बफच्या फिरत्या चाकावर धरून पुन्हा आरशासारख्या करायच्या, हे त्याचं काम. काशीगावात हायवेलगत माझी शेड होती. तिथे आम्ही जुन्या गाड्या नव्यासारख्या करून द्यायचो. तो मूळचा रायगडकडचा. आधी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही. माझ्या तोंडून ते एकदा चारचौघांत निघालं, तेवढं पुरे.

तोलण्याची सवय त्याला सगळीकडे नडायची. शेडमधल्या एकाच्या लग्नात आहेरात आलेला स्टीलचा डबा त्याने असाच हातावर घेतला आणि नवरदेवाला सांगितलं, "पत्रा हलका आहे रे, पण मनापासून दिलाय." डबा देणारा मामा मागेच उभा होता. आठवडाभर आम्ही त्याला "मामा आले" म्हणून चिडवत होतो. तोही हसायचा.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

बोरिवलीच्या एका गुजराती गृहस्थांची गाडी आली होती. त्यांच्या वडिलांची. वडील गेल्यापासून तशीच उभी होती. तिच्या पट्ट्या दोन्ही धातूंच्या होत्या. दिसायला सारख्या, आणि लोहचुंबक दोन्हींना चिकटत नाही. त्याने एकेक तोलून स्टीलच्या पट्ट्या एका गोणपाटावर मांडल्या, अॅल्युमिनियमच्या दुसऱ्या. मला म्हणाला, "भाऊ, मी जेवून येतो. कुठे हात लावू नका."

गृहस्थ चार वाजता येणार होते. निदान एक पट्टी चमकवून दाखवावी म्हणून मी घाई केली. जुना रंग आणि तेलकटपणा काढायला आम्ही स्टीलच्या पट्ट्या कॉस्टिक सोड्याच्या पिंपात टाकत असू. अॅल्युमिनियम त्यात टाकलं की सोडा ते खाऊन टाकतो, हे मला पुरतं ठाऊक होतं. चष्मा टेबलावर होता. मी पुढच्या काचेची लांब पट्टी उचलली, कुठल्या गोणपाटावरची ते नीट पाहिलं नाही, स्टीलचीच असं धरलं आणि पिंपात सोडली. बुडबुडे आले. मला वाटलं, रंग सुटतोय. तेवढ्यात फोन आला. परत येऊन पाहतो तर पट्टी काळी पडलेली, वाळवी लागावी तशी खाल्लेली.

तो जेवून आला. पिंपाजवळ थांबला.

"स्टीलच्या ढिगात अॅल्युमिनियम ठेवलंस तू," मी म्हणालो.

"मी?" तो म्हणाला. "मी तोलली होती, भाऊ."

"चुकली असेल."

चार वाजता गृहस्थ आले. त्यांनी ती पट्टी हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "किसने किया?" मी त्याचं नाव घेतलं. तो समोरच उभा होता. त्याने हात जोडले.

मला वाटलं, तो मला सांभाळून घेतोय. तसं असतं तर बरं झालं असतं. त्याने माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला होता. दुसऱ्या दिवसापासून एकेक पट्टी चारचारदा तोलायचा आणि तरी विचारायचा, "भाऊ, ही स्टीलच ना?" मग घरून छोटा तराजू आणला. त्यावरही भरवसा बसेना. तीन महिन्यांनी परत भांड्यांच्या कारखान्यात गेला. तिथे सगळंच स्टील, ओळखायचं काही नाही.

पुढे दोनदा भाजीबाजारात भेटला. शेडची चौकशी करायचा. मी, बरं चाललंय, म्हणून पुढे सरकायचो.

गेल्या महिन्यात तो गेल्याचं कळलं. जेसल पार्कला त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा दिला. म्हणाल्या, "तुमच्या शेडचा विषय निघाला की गप्प व्हायचे. म्हणायचे, दुसऱ्याच्या बापाची आठवण माझ्या हाताने नासवली."

मी कप खाली ठेवला. "वहिनी, ती पट्टी मी टाकली होती. त्याने बरोबर लावली होती."

त्यांनी विचारलं, "त्यांना माहीत होतं?"

"नाही."

मला वाटलं, आता उठा म्हणतील. त्यांनी आतल्या खोलीकडे मान वळवून मुलीला हाक मारली. ती ऑफिसला निघायच्या तयारीत होती, खांद्याला बॅग होती. वहिनींनी तिला माझ्यासमोर खुर्चीत बसवलं.

"हिला सांगा," त्या म्हणाल्या. "सगळं सांगा. पण त्यांनी बरोबर लावली होती, ते आधी सांगा."