राधाबाईंच्या पाण्याची परीक्षा

गुरुदास पेडणेकर मास्तर हायस्कुलात शास्त्र शिकवीत आणि गावभर शहाणपण. मालवणपासून दोन कोसांवरच्या त्या गावात बी.एस्सी. झालेला माणूस तो एकटाच. त्यामुळे कुणाच्या गाईनं वैरण सोडली तरी मास्तरांचं मत विचारलं जाई, आणि मास्तरही 'मला ठाऊक नाही' असं कधी म्हणत नसत. माणूस वाईट नव्हता. पण आपलं चुकू शकतं, ही गोष्ट त्यांना चाळिशी आली तरी कुणी सांगितली नव्हती.

एकसष्ट साली त्यांचा मेहुणा मुंबईहून आगबोटीनं आला, तो डब्यात सहा तांबडे मासे घेऊन. मास्तरांनी काचेची पेटी करवून घेतली आणि ओटीवर मांडली. खायचे सोडून बघायचे मासे म्हटल्यावर गाव लोटला. "मास्तरांनू, मसालो कधी लावतल्यात?" असं जो तो विचारून गेला. माशांबरोबर पाणी तपासायचं सामानही आलं होतं: औषधाची बाटली, काचेची नळी आणि रंगांची पट्टी. नळीतल्या पाण्यात चार थेंब टाकायचे. हिरवं झालं तर पाणी चांगलं, पिवळं झालं तर आंबट, निळं झालं तर खाराचं.

पेटीत पाणी भरलं ते शेजारच्या राधाबाईंच्या विहिरीचं. राधाबाई साठीच्या, एकट्या. त्यांच्या घराण्याला एकच मान होता, पण तो मोठा: रवळनाथाच्या रोजच्या स्नानाचं पाणी त्यांच्या विहिरीचं. पहाटे ओलेत्यानं कळशी घेऊन त्या देवळाची पायरी चढत. आधी सासू चढायची, तिच्याआधी तिची सासू.

मास्तरांनी विहिरीचं पाणी सरळ पेटीत ओतलं नाही, तिथंच शास्त्र आडवं आलं. तांब्याच्या भांड्यात पाणी शुद्ध होतं, म्हणून ते रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवायचं. "माशांचं पाणी आहे, कळशी सोन्यासारखी दिसली पाहिजे," असं त्यांनी बायकोला बजावलं. लीलाताई बिचाऱ्या रोज कोकमाची साल घेऊन कळशी घासत, वरवर विसळत आणि पाणी भरून ठेवत.

आठवड्यात तीन मासे उलटे झाले. मास्तरांनी कळशीतलं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. पिवळंजर्द!

त्याच संध्याकाळी देवळात मानकरी बसले होते. माशांची चौकशी निघाली आणि मास्तरांनी उचलली जीभ लावली टाळ्याला. तीही छापील मराठीत: "राधाबाईंच्या विहिरीचं पाणी दूषित झालेलं आहे. रासायनिक परीक्षेत सिद्ध झालंय." मासे मरतात ते पाणी देवाला कसं घालायचं? दुसऱ्या पहाटे पुजाऱ्यानं राधाबाईंना पायरीवरूनच परत पाठवलं. त्यांनी कळशी परत आणली आणि तुळशीत ओतली.

मग त्या मास्तरांकडे आल्या. भांडायला नव्हे. "मास्तरांनू, माज्या पाण्याक काय झाला?" मास्तरांनी पिवळी नळी दाखवली. बाईंनी ती उजेडाकडे धरून बघितली. "तुमी शिकलेले. तुमका दिसता ता खरा," एवढंच म्हणाल्या.

पुतण्यांना हाताशी धरून त्यांनी विहीर उपसली, तळातला गाळ काढला. नवं पाणी भरल्यावर मडकं भरून मास्तरांकडे घेऊन आल्या. मास्तरांनी ते पद्धतशीर कळशीत ओतलं, रात्रभर ठेवलं, सकाळी तपासलं. पुन्हा पिवळं. "राधाबाई, गुण नाही," त्यांनी मान हलवून सांगितलं. त्यानंतर वाडीतल्या बायकांनीही त्या विहिरीवर घागर न्यायचं सोडलं.

मास्तर आता पाणी आणू लागले खालच्या वाडीच्या विहिरीचं. देवाचं स्नानही त्याच पाण्यानं होत होतं. आणखी दोन मासे मेले. कळशीतल्या त्या पाण्यात थेंब टाकले तर तेही पिवळं! देवाचं नवं पाणीही नासलं म्हणावं, तर गावात किती विहिरी नासवणार?

औषधच खोटं असणार, असं त्यांनी ठरवलं. नाचता येईना अंगण वाकडे. औषध खोटं ठरावं म्हणून मास्तरांनी मनातून देवाची करुणा भाकली, कारण मग दोष मुंबईच्या बाटलीचा झाला असता. त्यांनी लिंबू पिळलेलं पाणी घेतलं, पिवळं झालं. खायचा सोडा घातलेलं घेतलं, निळं झालं. शाळेत शुद्ध पाण्याची बंद बाटली होती, ती फोडली, हिरवं. औषधाची बाटली अक्षर न् अक्षर खरं बोलत होती.

मग त्यांनी काचेची बरणी घेतली, राधाबाई घरात नाहीत असं बघून चोरासारखे त्यांच्या विहिरीवर गेले, आणि बरणी थेट पोहऱ्यातून भरली. हिरवं. कोवळ्या भातासारखं हिरवं. उरलेला एकुलता मलूल मासा त्या पाण्यात सोडला, तर दुपारपर्यंत तो पोहू लागला. मागच्या दारी लीलाताई कोकमाच्या सालीनं कळशी घासत होत्या. आंबटानं तांब्याचा कळंक सुटतो आणि पाण्यात उतरतो, हे मास्तर दरवर्षी आठवीला शिकवीत. वजन करण्याआधी तराजू तपासा, हेही शिकवीत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

लाज अशी वाटली की जेवण जाईना. तरी कबूल करायला बारा दिवस गेले. बारा दिवस मास्तर राधाबाईंचं घर चुकवून शेताच्या बांधानं शाळेत जात राहिले, आणि रोज पहाटे शेजारच्या तुळशीत पाणी ओतल्याचा आवाज अंथरुणात पडून ऐकत राहिले.

तेराव्या दिवशी दुपारी गेले. राधाबाईंनी पाट मांडला, रीतीप्रमाणे गूळ आणि पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. मास्तरांचा हात तांब्यापाशी थबकला, बोलायचं कसं म्हणून. बाईंना वाटलं, पाण्याला भ्याले.

"पिया मास्तरांनू, भियाव नकात," त्या घाईनं म्हणाल्या. "ह्या माज्या बावीचा न्हय. पावण्यांसाठी खालच्या वाडीतसून हाडून ठेवतंय. माज्या बावीचा मी एकटीच पितंय."

खालची वाडी म्हणजे जाऊन येऊन अर्धा कोस, मधे चढण. मास्तरांना शाळेतली छापील मराठी सुचेना. "राधाबाये, पाणी तुजा बरा हुता," ते म्हणाले. "माजी कळशी वायट हुती. माका बारा दिस म्हायत आसा." आणि चाळीस वर्षांचा तो माणूस पाटावर बसून रडला.

त्याच संध्याकाळी देवळात उभं राहून त्यांनी हेच सगळं पुन्हा सांगितलं, मालवणीत. लोक हसले. मास्तरांना ते हसू बरंच वाटलं, आणखी हसले असते तरी चाललं असतं. देवाला कौल लावला, कौल उजवा पडला, मान राधाबाईंना परत मिळाला.

गोष्ट इथं संपली असती तर मास्तरही सुटले असते. पण दर सोमवारी पहाटे, देवळाकडे जाण्याआधी राधाबाई मास्तरांच्या ओटीशी थांबू लागल्या. देवाची कळशी डोक्यावर, हातात पाण्याची काचेची बाटली. मास्तरांनी परोपरीनं सांगितलं, राधाबाये, गरज नाय, तुजा पाणी बरा आसा. बाई ऐकेनात. तपासायचं औषध संपलं, मास्तरांनी मुंबईहून दुसरं मागवलं, तेही संपलं. मासा केव्हाच म्हातारा होऊन मेला. सदुसष्ट साली राधाबाई गेल्या, तोवर एक सोमवार चुकला नाही.

"वायच बघा मास्तरांनू," त्या म्हणत. "ह्या पाणी देवाक चलात मा?"

मास्तर थेंब टाकत. पाणी दर वेळी हिरवं होई. "चलात," ते खाली बघूनच म्हणत.