विश्वजीतच्या दोन ओळी

बद्रीनाथ तिकीट फाडताना मान वर करायचे नाहीत. गरजच पडायची नाही. मागून नुसता आवाज आला की माणूस कुठला ते कळायचं. ‘अजिंठा’ म्हणताना जो ‘ठा’वर बूड टेकून बसतो तो गावातला, जो ‘अजंता’ म्हणतो त्याला परतीच्या गाडीची वेळही सांगावी लागते, आणि जो काहीच न म्हणता बोट दाखवतो तो सिल्लोडचा, त्याला वाटतं अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे तो कुठं उतरतो ते.

एकतीस वर्षं संभाजीनगर ते फर्दापूर एसटीत कंडक्टरकी केली, त्यात हा कान तयार झाला. आणि नुसता कान नाही, गळाही. आता पुंडलिकनगरात मुलाकडे राहतात. सून राजनंदिनी स्वयंपाकघरातून ओरडते, “बाबा, दूधवाल्याच्या आवाजात हाक मारत जाऊ नका हो, मी पातेलं घेऊन खाली उतरते.” बद्रीनाथ वर गॅलरीत गालातल्या गालात हसतात.

फर्दापूरला मात्र त्यांना कुणी हसत नाही. तिथं ते बद्रीमामा. तिथं त्यांना लोक जरा घाबरतात.

सुट्टीवर येणारे फौजी त्यांच्याच गाडीनं यायचे, काळी ट्रंक घेऊन, मागच्या शिटावर. त्यातला मोतीराम सरहद्दीवर लढताना गेला तेव्हा गावानं शाळेपुढं दगड उभा केला आणि मामांना ‘दोन शब्द’ बोलायला बोलावलं. मोतीराम प्रत्येक वाक्याआधी ‘हां तर मी काय म्हणतो’ म्हणायचा, अगदी सुटे पैसे मागताना पण. मामा माइकपुढं उभे राहिले, शब्द काही सुचेनात, आणि तोंडातून मोतीरामच निघाला:

हां तर मी काय म्हणतो, चहा ठेवा झाकून;
वाटंनं जरा उशीर व्हईल, घ्या तुम्ही वाढून.

मांडवात कुणी रडलं नाही. सगळ्यांनी मागं वळून रस्त्याकडं पाहिलं. मोतीरामची बायको तेवढी जागेवरून म्हणाली, “पोचलं.”

तेव्हापासून तो रिवाजच पडला. गावातला फौजी कामी आला की मामा त्याच्या घरी जायचे. काय पराक्रम केला, कोणतं पदक मिळालं, हे काही विचारायचे नाहीत. “कसा बोलायचा?” एवढंच. घरचे सांगायचे, मामा दोन ओळी बांधायचे, आणि दरवर्षी दगडापुढच्या कार्यक्रमात सगळ्यांच्या ओळी म्हणायचे. घरच्या एकानं “पोचलं” म्हणायचं. कृष्णा अडखळत बोलायचा, त्याच्या ओळीही अडखळत:

आ... आय, दार नको लावू, क... कडी नुसती टेकव;
मागच्या शिटावर झोपलोय मी, फर्दापूर आलं की उठव.

कृष्णाची आई “पोचलं” म्हणते आणि त्या रात्री दाराला कडी लावत नाही.

पण एक गोष्ट होती, ती मामांना दुसऱ्या वर्षी कळली. मोतीरामची बायको बाजूला घेऊन हळूच म्हणाली, “मामा, माझ्या कानात होता त्यांचा आवाज. ‘पोचलं’ म्हणून तुम्हाला दिल्यापासून नाय. लई आठवून बघते, नुसतं तोंड हलताना दिसतं.” मामांना वाटलं, दुःखानं होतं असं. मग कृष्णाच्या बापानं तेच सांगितलं. मग तिसरा फौजी गेला, सांडू, त्याच्या बहिणीनं. एकदा बोलणं ओळीत गेलं की ते घरात राहत नव्हतं. वर्षातून एक दिवस मामांच्या गळ्यातून यायचं, तेवढंच. तरी लोक देत होते. सांडूची बहीण म्हणाली, “तसाबी पुसटच चालला होता. तुमच्यापाशी निदान ठणठणीत तरी हाये.”

सारजाबाईनं मात्र दिलं नाही.

तिचा विश्वजीत नऊ वर्षांपूर्वी चकमकीत लढता लढता नदीत पडला. तो सापडला नाही. ‘बेपत्ता’ म्हणून तार नाही, कागद नाही, नुसते ‘शोध चालू आहे’ असे फोन येत राहिले. मागच्या साली कागद आला, की आता वीरगती प्राप्त झाली असं धरावं. सरपंच नानासाहेबांनी लगेच दगडावर चौथं नाव कोरून घेतलं. नानासाहेबांना दर चार शब्दांनी ‘या ठिकाणी’ लागतं. पंगतीत बसले तरी ‘या ठिकाणी मीठ कमी आहे’ म्हणतात. त्यांनी मामांना फोन केला, “मामा, या ठिकाणी एक नाव मुकं राहतंय. गावाला बरं दिसत नाही या ठिकाणी.”

मामा सारजाबाईकडे तीनदा गेले. तिसऱ्या खेपेला तिनं कप पुढं सरकवला आणि म्हणाली, “चहा घ्या. बोलणं मिळायचं नाय.”

“मी कुठं मागतोय.”

“मग फर्दापूरला काय लेणी बघायला आलात व्हय?” तिनं चुलीकडं पाहिलं. “मामा, मला माती नाय मिळाली त्याची. ट्रंक नाय मिळाली. घरात तेवढा आवाज हाये. सकाळी भाकर थापताना येतो, मागून. तोबी तुम्हाला देऊ?”

मामा उठून आले. तिथंच विषय संपायला हवा होता. पण चार नावं आणि ओळी तिघांच्याच, हे त्यांना गाडीत एक तिकीट कमी फाडल्यासारखं टोचत राहिलं. आणि मग त्यांना वाटलं, विश्वजीतला आपण ऐकलेलंच आहे की. तो आणि शेजारच्या आबेदाचा अफजल एकाच साली भरती झाले, सुट्टीवर बऱ्याचदा जोडीनं यायचे. मागच्या शिटावरून दोन आवाज यायचे. एक फोनवर ‘व्हय गं माय, पोचतोच’ म्हणणारा. दुसरा, ‘हौ, नक्को यार, खिडकी बंद कर’ म्हणणारा. मामांनी मान वर न करता दोन्ही आवाज जिथल्या तिथं वाटून टाकले होते. सारजाबाईच्या लेकाचं ‘व्हय गं माय’, आबेदाच्या लेकाचं ‘नक्को यार’. त्यात विचारायचं काय?

शिवाय सारजाबाईकडून घेतलंच नाही, तर तिचं जाणार कसं? तिच्या कानात तो राहील आणि दगडही मुका राहणार नाही. मामांना आपला हा विचार फार शहाणपणाचा वाटला.

कार्यक्रम सकाळी अकराला. चैत्रातलं ऊन, माणसांच्या सावल्या पायाखाली गेलेल्या. मोतीराम झाला, पोचलं. कृष्णा झाला, पोचलं. सांडू झाला, पोचलं. मग मामांनी चौथा कागद उघडला. बायकांमध्ये बसलेल्या सारजाबाईनं नुसतं वर पाहिलं.

व्हय गं माय, येतो म्हणलं ना, उगं नको लावू घोर;
नदीच्या पल्याड थांबलोय, उतरू दे पाण्याचा जोर.

आवाज असा लागला होता की माइकचीसुद्धा घरघर थांबली. मामा वाट बघत राहिले. “पोचलं” आलं नाही. बायकांच्या शेवटच्या रांगेत आबेदा उभी राहिली. पदर खांद्यावरून घसरलेला. ती रस्त्याकडं बघत होती.

“अफजल?” ती म्हणाली.

कुणाला काही उमगेना. सारजाबाईला उमगलं.

“मामा,” ती बसल्या जागेवरून बोलली, “ह्यो माझा नव्हं. ह्यो हिचा हाये. मी रानात गेले की माझा हिच्या घरी जेवायचा, अन् हिचा माझ्या वट्ट्यावर लोळायचा. माझा बोलायचा हिच्यावाणी, अन् हिचा माझ्यावाणी. मला माय कोण म्हणतं? अफजल म्हणतो.”

अफजल जिवंत होता. चौकीवर होता. परवाच त्यानं आईला पैसे पाठवले होते. आणि मेलेल्यांच्या दगडापुढं आत्ता त्याचा आवाज म्हणून झाला होता.

आबेदानं फोन लावला. फोनमधली बाई जिला कधी काही होत नाही अशा आवाजात म्हणाली, आपण ज्या क्रमांकाशी संपर्क करू इच्छिता तो सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. आबेदानं पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई. मांडवातला प्रत्येक जण ती बाई ऐकत होता.

नानासाहेबांनी माइक ओढला. “या ठिकाणी तांत्रिक कारणानं...”

“बसा ओ जरा,” सारजाबाई म्हणाली, आणि नानासाहेब या ठिकाणी बसले.

“मामा, माघारी घ्या ते,” आबेदा म्हणाली. “हात जोडती मै. कुछ भी करो.”

मामांना माघारी घेता येत नव्हतं. तिकीट फाडलेलं परत चिकटत नाही. त्यांनी कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. जागा चौथी होती, आणि तिच्यात भलताच माणूस बसला होता; ज्याची जागा तो आला तरच हा उठणार होता. हे ते मोठ्यानं बोलले नाहीत. पण सारजाबाईला ते दिसलं असावं. तिनं एकदा आबेदाकडं पाहिलं. आबेदा अजून फोन कानाला लावून उभी होती.

सारजाबाई उठली, दगडापाशी आली, आणि हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “लिहा. त्यो ‘नाय’ म्हणायचा नाय. ‘नक्को’ म्हणायचा, ‘क’वर जोर देऊन. मी रागावले की मला मुद्दाम अम्मी म्हणायचा, म्हणजे मी हसावं. अन् जाताना निघतो म्हणायचा नाय. ‘आतांव बस’ म्हणायचा, म्हंजे येतोच, पाठ करून. एवढंच हाये. सगळं दिलं.”

मोतीरामनंतर पहिल्यांदाच मामांनी कागदाशिवाय ओळी बांधल्या. गळ्यात आधी काहीच लागेना, मग एकदम लागला, जणू मागच्या शिटावरचा दुसरा माणूस पुढं सरकून बसला.

रोती क्यूँ गं अम्मी, नक्को, भाकर ठेव थापून;
आतांव बस म्हणलो होतो, पाण्यात बसलोय लपून.

सारजाबाईचा चेहरा ऐकताना उजळला, अगदी दोन ओळी संपेपर्यंत. मग तिनं डोळे मिटले. “पोचलं.”

पंधरा-वीस मिनिटांनी, नानासाहेब आभार मानत असताना, आबेदाचा फोन वाजला. तिनं तो स्पीकरवरच घेतला, घाईत बटण कुठलं ते सुचलं नाही. अफजल होता. “अम्मी, इत्ते फोन? रेंज नव्हती. अन् आज घसा असा बसला की काय सांगू. साहेबानं नाव विचारलं तर तोंडातून नुसती हवाच निघाली. आत्ताच सुटला. काय झालं गं? माय बरी हाये का?”



चारच्या गाडीसाठी मामा स्टँडवर आले तर सारजाबाई बाकावर बसलेली. बाजूला भाकरीचं फडकं, मामांसाठी बांधून आणलेलं. गाडी लागली होती, ड्रायव्हर ओळखीचा, त्यानं हॉर्न दिला.

“मामा,” ती म्हणाली, “दुपारी भाकरी थापल्या. मागं कुणी नव्हतं.”

मामांनी पिशवी खाली ठेवली.

“नक्को म्हणायचा, असं मीच सांगितलं ना तुम्हाला?”

“तुम्हीच.”

“मग म्हणून दाखवा.”

वर्षातून एकदाच म्हणायचं, हे मामांनी आजवर मोडलं नव्हतं; मोतीरामची बायको पाया पडली होती तरी नाही. त्यांनी गाडीकडं पाहिलं. ड्रायव्हरला हातानं ‘जा’ म्हणाले. मग बाकावर तिच्या शेजारी बसून त्यांनी दोन्ही ओळी म्हटल्या.

सारजाबाईनं मान तिरकी करून ऐकलं, नव्या पाहुण्याचं ऐकावं तसं. “असं म्हणायचा व्हय,” ती म्हणाली. “परत म्हणा.”

त्यांनी परत म्हटलं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मधे पाचची गाडी आली आणि गेली. मग सारजाबाईचे ओठ त्यांच्याबरोबर हलायला लागले. शाळेतल्या पोरीनं पाठ करावं तसं ती एकेक शब्द जिभेवर ठेवून बघत होती, चुकला की पुसत होती. शेवटी तिनं त्यांना हातानं थांबवलं, आणि एकटीनं म्हणाली, “नक्को.”

‘क’वर जोर बरोबर आला होता. पण आवाज विश्वजीतचा नव्हता, सगळा बद्रीनाथांचा होता.